‘गेट’ला इटालियनमध्ये काय म्हणतात?

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. इंग्रजी–इटालियन शब्दकोशात ‘गेट’ काढा; नोंद दोन-तीन रकाने खाऊन बसलेली दिसेल. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे ‘ओ रिचेवूतो ऊना लेत्तेरा’. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे ‘मी सोनो स्तान्कातो’. ‘आय गॉट होम’चं होतं ‘सोनो आर्रिवातो आ काझा’. बसमध्ये ‘गेट ऑन’ म्हणजे ‘सालीरे’, ‘गेट ऑफ’ म्हणजे ‘शेन्देरे’. आणि समोरच्याचं म्हणणं लक्षात आलं म्हणून ‘आय गेट इट’ म्हणायचं असेल, तर ‘कापीस्को’. सहा वाक्यं आणि सहा वेगळी क्रियापदं.

आता हीच वाक्यं मराठीत म्हणून पाहा. पत्र मिळालं. दमलो. घरी पोचलो. चढलो. उतरलो. कळलं. इथेही सहाच्या सहा वेगळी! मराठीलाही ‘गेट’ नाही. इटालियन शिकणारा मराठी माणूस मात्र हमखास इंग्रजीतून शिकतो, कारण पुस्तकं इंग्रजीत, मोबाइलवरची अ‍ॅप इंग्रजीत आणि शब्दकोशही इंग्रजीतच. मग इंग्रजांना पडणारे प्रश्न तो आपल्या डोक्यावर घेतो. त्यातले निम्मे त्याचे नसतातच. म्हणून इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणावं आणि मग इटालियनकडे वळावं. ते कुठे जमतं आणि कुठे फसतं, हे एकेक क्रियापद घेऊन पाहू.

अवघड शब्द भाषांतराला सोपे असतात, ही यातली गंमत. ‘फोटोसिंथेसिस’ला इटालियनमध्ये ‘फोतोसिन्तेझी’, विषय संपला. छळतात ते रोजचे शब्द: असणं, करणं, घेणं, जाणं, माहीत असणं. तुल्यो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९८० साली इटालियनच्या मूलभूत शब्दांची यादी केली. ती सुमारे ७,००० शब्दांची, आणि तिच्या गाभ्यात जेमतेम २,००० शब्द. रोजच्या बोलण्या-लिहिण्याचा फार मोठा भाग त्या गाभ्यावरच चालतो. शब्द जितका वापरातला, तितके त्याला अर्थ अधिक फुटतात, आणि दोन भाषांत ते एकाच ठिकाणी फुटत नाहीत.

‘नो’ घ्या. इटालियनमध्ये त्याचे सरळ दोन तुकडे पडतात, ‘सापेरे’ आणि ‘कोनोश्शेरे’. इंग्रजी पुस्तकं यावर पान-दीड पान खर्च करतात. आपल्याला दोन ओळी पुरतात. माहीत असणं ते ‘सापेरे’, ओळखणं ते ‘कोनोश्शेरे’. ‘सो दोवे आबिता मारीया’, म्हणजे मारीया कुठे राहते ते मला माहीत आहे. ‘कोनोस्को मारीया’, म्हणजे मी मारीयाला ओळखतो. एखादं शहर पायाखालचं असेल तर तिथेही ‘कोनोश्शेरे’च: ‘कोनोस्को रोमा’.

भूतकाळात ही दोन क्रियापदं आणखी एक वळण घेतात. इटालियनमध्ये रोजच्या वापरातले भूतकाळ दोन. एक घडून गेलेल्या गोष्टीचा, दुसरा चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीचा. ‘सापेवो’ म्हणजे मला माहीत होतं. ‘ओ सापूतो’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोश्शेवो मारीया’ म्हणजे मी मारीयाला ओळखत होतो. ‘ओ कोनोश्शूतो मारीया आ रोमा’ म्हणजे मारीयाशी माझी ओळख रोममध्ये झाली. इंग्रजीतून आलेल्याला इथे अडखळायला होतं, कारण ‘न्यू’ या एका रूपात कळणं आणि माहीत असणं नीट वेगळं होत नाही. मराठीत ती दोन क्रियापदं पहिल्यापासून वेगळी आहेत.

‘कॅन’चंही असंच. ‘आय कॅन स्विम’चं भाषांतर करताना इटालियन माणूस आधी विचारेल, येतं की शक्य आहे? ‘सो न्वोतारे’ म्हणजे मला पोहता येतं, शिकलोय. ‘पोस्सो न्वोतारे’ म्हणजे पोहू शकतो. तलाव उघडा आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. आपलं ‘-ता येणं’ आणि ‘शकणं’ जवळपास याच रेषेवर वेगळं होतं. जवळपास म्हणायचं, कारण ‘आज मला येता येणार नाही’ हेही आपण म्हणतो आणि त्यात शिकण्याचा काही संबंध नसतो. तिथे इटालियनमध्ये ‘पोस्सो’च लागेल. कौशल्याचं ‘येणं’ तेवढं ‘सापेरे’कडे द्यायचं.

इंग्रजीभाषकांना सर्वांत जास्त घाम फोडणारं क्रियापद म्हणजे ‘पियाचेरे’. ‘आय लाइक’ला इटालियन म्हणतात ‘मी पियाचे’. इथला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’; एवढा एक गोंधळ सुरुवातीला सोसावा लागतो. बाकी सगळं आपलंच. ‘मी पियाचे ला मेला’, मला सफरचंद आवडतं. ‘मी पियाच्चोनो ले मेले’, मला सफरचंदं आवडतात. (सफरचंदाला ‘मेला’ आणि अनेकवचनी ‘मेले’, यावर मराठी विद्यार्थी एकदा हसून घेतातच.) आवडणारी वस्तू कर्ता, तिच्या वचनाप्रमाणे क्रियापद, आणि ज्याला आवडतं तो ‘ला’ प्रत्ययाच्या जागी. इंग्रजाला हे उलटं वाटतं. तो ‘इओ पियाच्चो’ म्हणून मोकळा होतो, आणि त्याचा अर्थ होतो ‘मी लोकांना आवडतो’!

हे एकटं क्रियापद नाही, त्याचं मोठं गणगोत आहे. ‘मी सेर्वे ऊना पेन्ना’, मला पेन लागतंय. ‘मी सेंब्रा’, मला वाटतं. ‘मी बास्ता’, मला पुरे. ‘मी फा माले ला तेस्ता’, माझं डोकं दुखतंय. आणि पाय दुखत असतील तर ‘मी फान्नो माले ई प्येदी’, कारण पाय दोन. ‘आय मिस यू’चं इटालियन ‘मी मान्की’ असं होतं, म्हणजे मला तू कमी पडतोस, तुझी उणीव भासते. इंग्रजीच्या वळणाने शब्द मांडून कुणी ‘ती मान्को’ म्हणालं, तर अर्थ फिरून ‘तुला माझी आठवण येते’ असा होतो. प्रेमपत्रात हे महागात पडेल.

हा सारखेपणा अगदीच योगायोगाचा नाही. लॅटिनमध्ये आवडण्याचं क्रियापद असंच चालायचं. संस्कृतातही ‘रुच्’ धातूबरोबर ज्याला रुचतं त्याची चतुर्थी होते. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र केलं आहे. युरोपातल्या आणि इथल्या भाषांचं हे नातं पहिल्यांदा ज्यांच्या ध्यानात आलं, त्यांतले दोघं आपल्या गोव्यातले म्हणायला हरकत नाही. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्सने १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं म्हटलं होतं. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती मिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात आला होता. १५८५च्या सुमारास त्याने घरी कळवलं की इथल्या पंडितांच्या भाषेत आमचे कितीतरी शब्द आहेत, सहा ते नऊ हे आकडे आहेत, देव आणि साप आहेत. इटालियनमध्ये सात म्हणजे ‘सेत्ते’, आठ म्हणजे ‘ओत्तो’, नऊ म्हणजे ‘नोवे’. देव ‘दीओ’ आणि साप ‘सेर्पे’. सास्सेत्ती १५८८ साली गोव्यातच वारला. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी असलेलं नातं मांडणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झालं.

शब्दांच्या नात्यापेक्षा रोजच्या जोड्यांचा उपयोग अधिक. कुठलं नाम कुठल्या क्रियापदाशी नांदतं, हे नियमाने सांगता येत नाही, ते पाठच करावं लागतं. तिथेही मराठीची सोबत मिळते. इंग्रज परीक्षा ‘टेक’ करतो. विद्यापीठातला इटालियन विद्यार्थी ती देतो, ‘दारे उन एझामे’, आणि आपणही परीक्षा देतोच. इंग्रज निर्णय ‘मेक’ करतो, इटालियन ‘प्रेन्देरे ऊना देचिझ्योने’ म्हणतो. ‘प्रेन्देरे’ म्हणजे घेणं, आणि निर्णय आपणही घेतो. इटालियन बारमध्ये, म्हणजे तिथल्या उभ्या उभ्या कॉफी प्यायच्या दुकानात, मित्र विचारतो, ‘प्रेन्दी उन काफ्फे?’ कॉफी घेणार? ‘पिणार’ असं तोही म्हणत नाही. आंघोळ इंग्रजीत ‘टेक’ किंवा ‘हॅव’, इटालियनमध्ये मात्र ‘फारे ला दोच्चा’. ‘फारे’ म्हणजे करणं. ‘फारे कोलात्स्योने’ म्हणजे न्याहारी करणं, ‘फारे ऊना तेलेफोनाता’ म्हणजे फोन करणं, ‘फारे ऊना दोमान्दा’ म्हणजे प्रश्न करणं. सगळंच काही जुळत नाही. फोटो आपण काढतो, ते ‘करतात’. ऊन आपण खातो, ते ‘घेतात’. आणि गाडी आपली चुकते, तर इटालियन माणूस ती ‘हरवतो’: ‘पेर्देरे इल त्रेनो’.

‘प्ले’ झटपट उरकता येईल. फुटबॉल खेळणं ते ‘जोकारे’, व्हायोलिन वाजवणं ते ‘स्वोनारे’, नाटकात काम करणं ते ‘रेचितारे’. फोन वाजतो तेव्हाही ‘स्वोनारे’च. वाजणं आणि वाजवणं त्यांच्याकडे एकाच क्रियापदात बसतं.

पण असं सगळीकडे नाही, आणि इथे जरा थांबायला हवं. इंग्रजी ‘स्टॉप’ दोन्हीकडे चालतं: बस ‘स्टॉप’ होते आणि पोलीस बसला ‘स्टॉप’ करतो. मराठीत थांबणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. इटालियनमध्येही दोन रूपं आहेत, मात्र घडण उलटी. त्यांचं मूळ रूप म्हणजे आपलं ‘-वणं’वालं: ‘फेर्मारे’, थांबवणं. त्याला ‘सी’ जोडला की थांबणं: ‘फेर्मार्सी’. ‘आल्त्सारे’ म्हणजे उचलणं, वर करणं. ‘आल्त्सार्सी’ म्हणजे उठणं. ‘स्तान्कारे’ म्हणजे दमवणं; ‘स्तान्कार्सी’ म्हणजे दमणं. पाठ्यपुस्तकात याला ‘स्वतःला थांबवणं, स्वतःला उठवणं’ असं समजावतात आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो, की बस स्वतःला कशी थांबवेल? मराठी माणसाने ‘स्वतःला’ विसरून जावं. आपलं क्रियापद ‘-वणं’ने संपत असेल तर ‘सी’ नको, साधं असेल तर ‘सी’ हवा. दहापैकी सात-आठ वेळा हे बरोबर येतं.

उरलेल्या वेळी ‘सी’ मुळीच येत नाही आणि फरक दाखवायचं काम साहाय्यक क्रियापदावर पडतं. ‘इल फिल्म ए फिनीतो’, सिनेमा संपला. ‘ओ फिनीतो इल लीब्रो’, मी पुस्तक संपवलं. क्रियापद एकच, ‘फिनीरे’. संपणाऱ्याबरोबर ‘एस्सेरे’ आलं, म्हणजे असणं. संपवणाऱ्याबरोबर ‘आवेरे’, म्हणजे जवळ असणं. सुरू होणं–सुरू करणं, बदलणं या सगळ्यांचं असंच.

इटालियन भूतकाळाचं मर्म या ‘एस्सेरे’ आणि ‘आवेरे’त आहे. जाणं, येणं, पोचणं, निघणं, जन्मणं, मरणं, राहणं, होणं यांच्याबरोबर ‘एस्सेरे’ येतं, आणि मग क्रियापदाचं रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे फिरतं. पुरुष म्हणतो ‘सोनो आन्दातो’, बाई म्हणते ‘सोनो आन्दाता’. मी गेलो, मी गेले. इंग्रजीच्या ‘आय वेंट’मधून बोलणारा बाई की पुरुष हे कळतच नाही, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारी मुलगी पहिले काही महिने स्वतःला पुरुष करून टाकते. मराठी मुलीला हे सांगावंही लागू नये.

सकर्मक क्रियापदांबरोबर ‘आवेरे’ येतं आणि रूप एरवी बदलत नाही: ‘ओ मान्जातो ला मेला’, मी सफरचंद खाल्लं. पण सफरचंदाऐवजी ‘ते’ म्हटलं आणि सर्वनाम पुढे आलं, तर क्रियापद त्या कर्माशी जुळतं. ‘मेला’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘लो मान्जाता’. आपण ‘पोळी खाल्ली, भात खाल्ला’ म्हणतो, तसंच. फक्त आपण भूतकाळात सहसा कर्माशी जुळवून घेतो, ते सर्वनाम आधी आलं तरच. दोन्हींच्या मागे एकच जुनं धातुसाधित आहे. ‘मान्जातो’मधला ‘तो’ आणि संस्कृत ‘कृत’, ‘गत’ यांमधला ‘त’ एकाच उगमाचे. म्हणूनच मृत म्हणजे ‘मोर्तो’ आणि दत्त म्हणजे ‘दातो’.

इथवर सुखाचा प्रवास. आता खड्डे. झोपणं आपल्याकडे जाण्या-येण्याच्या पंगतीत बसतं, ती झोपली. इटालियनमध्ये ते ‘आवेरे’ घेतं, ‘आ दोर्मीतो’, आणि बाई असो की पुरुष, रूप तेच. चालणं, हसणं, रडणं यांचंही तसंच. या ठिकाणी मराठीवर विसंबलात तर चुकणार. भूक, तहान, थंडी, भीती हे सगळं इटालियन माणूस जवळ ‘बाळगतो’: ‘ओ फामे’, ‘ओ सेते’, ‘ओ फ्रेद्दो’, ‘ओ पाऊरा’. इंग्रज भुकेला ‘असतो’, आपल्याला भूक ‘लागते’; तिघांचे तीन रस्ते. थंडी वाजली म्हणून इंग्रजीच्या चालीवर ‘सोनो फ्रेद्दो’ म्हणालात, तर तुम्ही थंड स्वभावाचे आहात अशी कबुली होते. हवा थंड असेल तर मात्र ‘फा फ्रेद्दो’, म्हणजे थंडी ‘करते’. वयही ते बाळगतात: ‘ओ त्रेन्तान्नी’, माझ्याजवळ तीस वर्षं आहेत. इथे ‘आन्नी’मधला ‘न्न’ नीट दुहेरी म्हणावा. एकेरी ‘न’ म्हटला तर वर्षांऐवजी शरीराच्या एका नाजूक भागाची संख्या सांगितली जाते. सुदैवाने जोडाक्षर आपल्या जिभेला नवं नाही, आणि त्यांचे ‘त’, ‘द’ही आपल्यासारखेच दातांवरचे.

‘वॉन्ट’च्या बाबतीत इटालियन इंग्रजीच्या बाजूला जाते. ‘वोल्यो’ म्हणजे मी इच्छितो, इथे ‘मला’ नाही. पण दुकानात पाहा काय होतं. चीजच्या काउंटरवर बाई म्हणतात, ‘वोलेवो दूए एत्ती दी पेकोरीनो’. ‘एत्तो’ म्हणजे शंभर ग्रॅम. दुकानात सहसा याच मापाने मागतात. ‘वोलेवो’ हा भूतकाळ. मागणी आत्ताची आहे, तरी क्रियापद मागचं. आपणही दुकानदाराला म्हणतो, ‘मला पाव किलो पनीर हवं होतं.’ तो काही ‘मग आता नको का?’ असं विचारत नाही. नम्रतेसाठी एक पाऊल काळात मागे घ्यायचं, ही रीत दोन्हीकडे. (‘वोर्रेई’ हे अधिक अदबीचं रूप पुस्तकात आधी शिकवतात, आणि ते कुठेही चालतं.) आतल्या खोलीतून दुकानदार ओरडतो, ‘आर्रीवो!’ शब्दशः ‘पोचतो’, आपल्या ‘आलोच!’चा सख्खा भाऊ.

इंग्रजीचं ‘यू’ एकच. इटालियनमध्ये जवळच्याला ‘तू’ आणि परक्याला, वडीलधाऱ्याला ‘लेई’. ‘तू’चा उच्चारसुद्धा आपलाच. ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’. आदराने बोलताना समोरच्या पुरुषालाही व्याकरणाने ‘ती’ करतात आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी लावतात. मुसोलिनीच्या राजवटीला हे परकं आणि बायकी वाटलं. १९३८ साली ‘लेई’ची हकालपट्टी करून ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, वापरायचं फर्मान निघालं. त्या धांदलीत ‘लेई’ नावाच्या एका महिला मासिकालाही नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावं लागलं. तिथे ‘लेई’चा अर्थ सरळ ‘ती’ एवढाच होता, हे कुणी लक्षात घेतलं नाही. राजवट गेली, ‘लेई’ परत आली.

शेवटी तोंडओळखीचे ठग. दिसतात इंग्रजीसारखे, अर्थ भलताच. ‘कामेरा’ म्हणजे खोली. ‘लिब्रेरीया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. वाचनालय हवं असेल तर ‘बिब्ल्योतेका’. ‘पारेन्ती’ सगळे नातेवाईक, आईवडील ‘जेनितोरी’. ‘फात्तोरीया’ शेतवाडी, कारखाना नव्हे. ‘एदुकातो’ म्हणजे वळण असलेला. शिकलेला असेलच असं नाही. ‘एवेन्त्वाल्मेन्ते’ म्हणजे ‘वेळ पडली तर’. व्यवहाराच्या पत्रात याने खूप घोळ होतात, कारण इंग्रजीची सवय असलेला ते ‘शेवटी होणारच’ असं वाचतो. आणि नळावर ‘सी’ हे रोमन अक्षर दिसलं तर ते ‘काल्दो’चं, म्हणजे गरम. हात जपून.

इंग्रजी–इटालियन शब्दकोशांची परंपरा जुनी आहे. जॉन फ्लोरिओचा इटालियन–इंग्रजी कोश १५९८ साली लंडनला निघाला, ज्युझेप्पे बारेत्तीचा १७६० साली. बारेत्ती हा इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनचा मित्र. १७६९ साली लंडनच्या रस्त्यावर अंगावर आलेल्या माणसाला त्याने फळं कापायच्या चाकूने भोसकलं आणि त्याच्यावर खुनाचा खटला चालला. जॉन्सन, राजकारणी बर्क, नट गॅरिक यांनी त्याच्या सद्वर्तनाची ग्वाही दिली आणि तो सुटला. कोशकारांच्या चरित्रात एवढी सनसनाटी विरळा.

आजचा कोश घेताना, जमेल तितक्या लवकर, इटालियन–इटालियन घ्यावा. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे ते ‘एस्सेरे’ घेतं की ‘आवेरे’, हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि इंग्रजीतून शिकलेले बहुतेक जण नेमकं तेच वाचत नाहीत. दे माउरोच्या कोशात गाभ्यातल्या शब्दांपुढे ‘एफ-ओ’ अशी खूण असते. सुरुवात तिथून करावी. वहीत शब्दापुढे इंग्रजी अर्थ लिहिण्याऐवजी एक मराठी वाक्य लिहावं, आणि क्रियापदामागून येणारं शब्दयोगी अव्ययही टिपावं. ‘जोकारे’ला ‘आ’ लागतो, ‘स्वोनारे’ला लागत नाही.